नकट्याची उस्तवार

म्हैसूरला सरस्वतीपुरममधल्या आमच्या गल्लीत कुत्र्याला घेऊन बाहेर पडलं की दहा पावलांच्या आत कुणीतरी ‘हच नायी!’, म्हणजे ‘हचचा कुत्रा!’, असं ओरडतंच. शहाळीवाला ओरडतो, शाळेच्या रिक्षातली पोरं ओरडतात. कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले निवृत्त प्राध्यापक ओरडत नाहीत, पण शेजारच्याला हळूच तेच सांगतात. हच नावाची मोबाइल कंपनी २००७ मध्ये व्होडाफोन झाली, व्होडाफोन पुढे आयडियात मिसळली आणि आता फलकावर ‘व्ही’ एवढंच उरलंय. हच होतं तेव्हा या पोरांचे आईबाप स्वतःच कॉलेजात असतील. कंपनी गेली, कुत्रा राहिला.

ती जाहिरात २००३ ची. एक लहान मुलगा जिथे जाईल तिथे त्याच्यामागे एक चपट्या तोंडाचा, काळ्या मुखवट्याचा पग जातीचा कुत्रा. नेटवर्क असंच तुमच्या पाठीपाठी येईल, एवढाच मुद्दा. जाहिरात ओगिल्वीने केली होती, दिग्दर्शन निर्वाणा फिल्म्सच्या प्रकाश वर्मांचं. (हेच वर्मा २०२५ मध्ये ‘तुडरुम’ या मल्याळम चित्रपटात मोहनलालसमोर असा काही कपटी पोलीस अधिकारी झाले, की पगवाली गोंडस जाहिरात यांचीच यावर विश्वास बसू नये.) कुत्र्याचं नाव चीका. तोवर आपल्याकडे पग हा हौशी लोकांचा, श्वानप्रदर्शनात दिसणारा प्राणी होता. चीकाने त्याला चाळीपासून बंगल्यापर्यंत पोचवला. मागणी वाढली, भाव चढले आणि जिथे मागणी तिथे पैदास, या न्यायाने परसात पिंजरे लावून पिल्लं काढणारे गावोगाव उभे राहिले.

त्या जाहिरातीत झाडी होती, पायवाट होती, कानात बसणारं गाणं होतं. कुत्र्याचा आवाज तेवढा नव्हता. आणि पग घरात आला की सर्वांत आधी कळतो तो आवाजच. जागा असला तर फुरफुर, खाताना घरघर, आनंद झाला की डुकरासारखं हुंकारणं, आणि रात्री असं घोरणं की पाहुण्यांनी सकाळी घरातल्या भलत्याच माणसाकडे संशयाने पाहावं.

आमच्याकडचा पग विकत आणलेला नाही. हेब्बाळच्या आयटी वसाहतीकडे राहणाऱ्या एका तरुण जोडप्याची परदेशी बदली झाली. विमानाने कुत्रा न्यायचा तर आखूड नाकाच्या जाती सामानकक्षातून न्यायला बऱ्याच विमान कंपन्या तयार होत नाहीत, कारण अशी कुत्री वाटेत गुदमरतात. तेव्हा तो आमच्याकडे आला तीन वर्षांचा, कागदावर ‘ब्रूनो’ हे नाव घेऊन. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी त्याचा गुंडू केला. कामाला येणाऱ्या लक्ष्मम्मांनी त्याला थोडा मान देऊन गुंडण्णा म्हणायला सुरुवात केली आणि तो दोन्ही नावांकडे सारख्याच निष्ठेने दुर्लक्ष करू लागला. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पाळीव प्राणी’नंतर मराठीत घरच्या कुत्र्यावर लिहायला बसणं हे धाडसच. पण त्यांचा रोख कुत्री पाळणाऱ्या माणसांवर होता. मला थोडं कुत्र्याच्या नाकाविषयी बोलायचंय.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. जीभ, तोंड आणि नाकातलं ओलसर अस्तर यांवरून हवा खेळते, पाणी उडतं, रक्त थंड होतं. लांब नाकात पातळ हाडांच्या घड्या असतात आणि त्यांच्यावर हे अस्तर पसरलेलं असतं. जितकी जागा जास्त, तितकं थंड होणं सोपं. पगच्या बाबतीत माणसाने पिढ्यान् पिढ्या चपटं तोंड निवडून निवडून कवटीच आखूड केली. हाडं आखडली, पण आतलं मांस त्या प्रमाणात आखडलं नाही. टाळूचा मऊ भाग लांबच राहिला, तो घशात लोंबतो आणि श्वासाबरोबर फडफडतो. घोरणं म्हणतात ते हेच. नाकपुड्या भोकं न राहता फटी झाल्या. बेचाळीस दात तेवढ्याशा जबड्यात दाटीवाटीने उभे राहिले. डोळ्यांच्या खोबण्या उथळ झाल्या म्हणून डोळे बाहेर आले, आणि उरलेली कातडी तोंडावर दुमडून तिच्या वळ्या झाल्या. ज्या गोल गोल डोळ्यांना आणि सुरकुतलेल्या कपाळाला आपण ‘किती गोड!’ म्हणतो, त्यांच्या त्रासाचं मूळही तिथेच आहे.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. पग मूळचा चीनचा, तिथल्या दरबारी लोकांचा लाडका. डच व्यापाऱ्यांबरोबर तो युरोपात गेला आणि हॉलंडच्या ऑरेंज घराण्याबरोबर इंग्लंडच्या राजवाड्यात शिरला. लंडनच्या टेट संग्रहालयात विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७४५ मध्ये पूर्ण केलेलं स्वतःचं व्यक्तिचित्र आहे. शेजारी त्याचा पग बसलाय, नाव ट्रम्प. आजच्या पगच्या मालकाने ते चित्र पाहिलं तर तो आधी म्हणेल, हा कसला पग? त्याला चांगलं दिसण्याजोगं नाक आहे आणि पायही लांब आहेत. पावणेतीनशे वर्षांत ते नाक तोंडात गेलं, आणि त्यातला बराचसा पल्ला प्रदर्शनांच्या काळात गाठला गेला.

लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२२ मध्ये याचा हिशोबच मांडला. ब्रिटनमधल्या ४,३०८ पगांच्या दवाखान्यातल्या नोंदी इतर जातींच्या २१,८३५ कुत्र्यांशी ताडून पाहिल्या. वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता पगमध्ये इतरांच्या जवळपास दुप्पट, १.९ पट. श्वासमार्गाच्या अडथळ्याचा आजार ५४ पट, अरुंद नाकपुड्या ५१ पट, डोळ्याच्या बुबुळावरची जखम १३ पट, कातडीच्या वळ्यांतला संसर्ग ११ पट. वजन जास्त असणं साडेतीन पटीच्या आसपास. एक गोष्ट पगच्या बाजूची निघाली: अंगावर धावून जाण्याची खोड त्याच्यात इतरांपेक्षा कमी. पग ठेवणाऱ्याला हे सांगायला अभ्यास लागत नाही. आमच्या दारात आजवर आलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाचं गुंडूने मनापासून स्वागत केलंय. चोर आला तर तो त्याला कपाटापर्यंत सोबत करेल.

याच कॉलेजातला २०१२ चा एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. श्वासाचा स्पष्ट त्रास असलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुमच्या कुत्र्याला श्वासाची काही तक्रार आहे का? ५८ टक्के मालक ‘नाही’ म्हणाले. घोरतो, धापा टाकतो, पण पग असतातच असे. ‘असतातच असे’ या दोन शब्दांनी किती कुत्र्यांचे उपचार लांबले असतील कोण जाणे.

कुवेंपुनगरच्या बाजूला ज्या पशुवैद्यांकडे आम्ही जातो, त्यांच्याकडे रविवारी सकाळी बसलं की हेच ऐकू येतं. एक रविवार मी मुद्दाम तासभर जास्त बसले. बाकांवर लॅब्रॅडॉर होते, एक पर्शियन मांजर होती, गोठ्यातलं एक वासरूही टेम्पोतून आलं होतं आणि सगळ्यांच्या वर पगांची घरघर चालू होती. डॉक्टरांचं म्हणणं असं, की घोरतो म्हणून पग कुणीच आणत नाही. नखं कापायला आणतात, गोचीड झाली म्हणून आणतात, आणि मग त्यांनी विचारलं की घरचे मोबाइल काढून कौतुकाने व्हिडिओ दाखवतात: बघा, बसल्या बसल्या कसा पेंगतो! बघा, तोंडात चेंडू धरून झोपतो! हनुवटी उशीवर टेकवून झोपायची स्टाइल बघा! तिन्ही गोष्टींचा अर्थ बहुधा एकच असतो. आडवं पडलं की घसा बंद होतो, म्हणून तो बसून झोपायचा प्रयत्न करतो. तोंडात काही धरलं की तोंड उघडं राहतं. मान उंच ठेवली की हवेला वाट मिळते. गुंडूचाही एक निळा रबरी चेंडू होता, आधीच्या मालकांनी सोबत दिलेला. ‘याच्याशिवाय त्याला झोप येत नाही,’ असं त्यांनी आठवणीने सांगितलं होतं.

डॉक्टरांनी काय केलं, तर छातीला आणि घशाला स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकला. मग मला त्याला दवाखान्याच्या अंगणात तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायला लावलं आणि पुन्हा ऐकला. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी बसवलेली ही पद्धत आहे. शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. शून्य म्हणजे मोकळा श्वास, तीन म्हणजे शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नाही. गुंडू दोनवर होता. नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूचा लोंबता भाग कापण्याची शस्त्रक्रिया होते, आणि वेळेवर केली तर कुत्र्याचं आयुष्य बदलतं. पण त्याआधी डॉक्टरांनी त्याच्या कुशीत बोटं खुपसून बरगड्या शोधल्या, त्या सापडल्या नाहीत, आणि ते म्हणाले, ‘मॅडम, आधी वजन.’ जातीच्या मानकाप्रमाणे पग साधारण सहा ते आठ किलोंचा हवा. आमचे चिरंजीव साडेदहा. घशाभोवतीची चरबी आधीच अरुंद वाट आणखी दाबते, हे केंब्रिजच्याच पाहणीत दिसलेलं आहे.

वजन कमी करणं हे कुत्र्याचं काम नसतं, घराचं असतं. म्हैसूर हे खाऊ घालणारं गाव. सकाळी लक्ष्मम्मा इडलीचा तुकडा देणार, शेजारच्या अज्जी कुंपणावरून निप्पट्टू टाकणार, सासूबाई दहीभात कालवताना शेवटचा घास बाजूला ठेवणार, आणि हे सगळे आपापल्या जागी मनापासून सांगणार की मी तर काहीच देत नाही. पगला भूक भागल्याचं कळतच नाही की काय अशी शंका यावी इतका तो खादाड. शिवाय ते डोळे! त्या डोळ्यांपुढे साताऱ्यात वाढलेल्या सासूबाईंची कडक शिस्तही टिकली नाही. शेवटी आम्ही एक स्टीलचा डबा केला. सकाळी दिवसभराचं खाणं मोजून त्यात भरायचं: नाचणीची घट्ट आंबील, उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा आणि डॉक्टरांनी सांगितलेलं कोरडं खाद्य. ज्याला जे द्यायचं असेल त्याने त्या डब्यातूनच द्यायचं. डबा रिकामा झाला की दिवस संपला. अज्जींच्या हाती सुद्धा त्यातलेच चार दाणे ठेवायचे. त्यांना द्यायचं समाधान, त्याला खायचं. वजन करायला वेगळा काटा लागत नाही: त्याला उचलून आपण काट्यावर उभं राहायचं, मग एकटं उभं राहायचं, वजाबाकी करायची. (या वजाबाकीतला दुसरा आकडा घरात कुणी मोठ्याने वाचत नाही.) सात-आठ महिन्यांनी तो साडेआठवर आला, श्रेणी दोनवरून एकवर आली आणि निळ्या चेंडूशिवाय झोपू लागला. शस्त्रक्रियेचा विषय तूर्त मागे पडलाय, मिटलेला नाही.

रोजच्या उस्तवारीतलं मुख्य काम नाकाच्या वर असलेल्या वळीचं. दोन डोळ्यांच्या मधोमध कातडीची एक जाड घडी असते. तिच्यात डोळ्यांतलं पाणी, अन्नाचे कण आणि घाम नसला तरी ओल साचते. अंगठ्याने घडी वर उचलायची, कोमट पाण्यात पिळलेला कापूस तर्जनीला गुंडाळायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवायचा. पहिला कापूस तपकिरी होऊन येतो आणि त्याला आंबून गेलेल्या डोशाच्या पिठाचा वास येतो. दुसरा कापूस बराच साफ निघतो. मग कोरडा कापूस, आणि हे तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं, कारण ओली राहिलेली वळी न पुसलेल्या वळीपेक्षा वाईट. कातडी लालसर दिसली किंवा तो पंजाने तोंड घासायला लागला की समजायचं, संसर्ग झालाय. गुंडूला हा कार्यक्रम अजिबात आवडत नाही. तो डोळे मिटून, मान ताठ करून, कर्तव्य म्हणून इंजेक्शन घेणाऱ्या मुलाचा चेहरा करतो आणि शेवटच्या कापसाआधीच उठून जातो. शेपटीच्या वेटोळ्याखाली आणखी एक खोबण असते, तीही याच पद्धतीने पुसायची. तिथलं वर्णन दिवाळी अंकात नको.

डोळ्यांचं तसंच. इतर कुत्र्यांच्या वाटेत काही आलं तर आधी नाक आपटतं. याच्या बाबतीत आधी डोळा. अंगणातली कोरफडीची कुंडी आम्ही गच्चीवर नेली, बोगनवेलीच्या खालच्या फांद्या छाटल्या. डोळा मिचकावायला लागला, पाणी वाहायला लागलं किंवा बुबुळावर निळसर ढग दिसला की त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर टाकायचं नाही. बुबुळावरची छोटी जखम दोन दिवसांत डोळा घालवू शकते. आणि गळ्यात पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस हवा. गळ्याला हिसका बसला तर श्वास तर कोंडतोच, पण उथळ खोबणीतला डोळा बाहेर यायचीही भीती असते. हे वाचून कुणाला अतिशयोक्ती वाटेल. दवाखान्यातल्या मदतनिसाला विचारा.

केसांबद्दल थोडक्यात: पगचे केस आखूड असतात म्हणून गळत नसतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी काळी साडी नेसून आमच्याकडे यावं.

म्हैसूरची हवा मात्र या प्राण्याला मानवते, आणि हे मी गावाभिमानाने सांगत नाही. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून जास्त उंची, एप्रिलमध्ये पारा पस्तिशीच्या आसपास चढतो, मग आंब्याच्या सरी येतात आणि संध्याकाळी चामुंडी टेकडीकडून गार वारं सुटतं. मुंबईत हाच कुत्रा दमटपणाने हैराण होईल: हवेत आधीच इतकं पाणी असलं की जिभेवरचं पाणी उडत नाही आणि धापा फुकट जातात. नागपूर-अकोल्याचा मे महिना तर विचारूच नका. तिथल्या पगवाल्या मराठी घरांत कूलरपुढची जागा कुणाची, यावरून भांडणं होत असणार. तरी इथेही मार्च ते मे आम्ही फिरायला सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी दिवे लागल्यावरच जातो. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघायची. आपल्याला चटका बसला तर त्याच्या तळव्यांनाही बसतो.

उष्माघाताचं एवढं लक्षात ठेवावं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ते ४१ च्या वर गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. जीभ गर्द लाल किंवा निळसर, लाळ घट्ट, पाय लटपटतायत असं दिसलं की दवाखान्याला निघण्याआधी जिथे आहात तिथेच त्याच्यावर पाणी ओतायला लागा. नळाचं साधं पाणी, अंगभर, आणि पंखा किंवा वारा. गाडी शोधण्यात दहा मिनिटं घालवली तर ती दहाच मिनिटं महागात पडतात. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवू नये, टॉवेल लगेच तापतो.

आपल्या दिवाळीआधी इथे दसरा येतो आणि त्याच्याबरोबर तोफा. जंबू सवारीच्या, म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीच्या, आधी राष्ट्रगीताच्या वेळी एकवीस तोफांची सलामी होते. नागरहोळेच्या बाजूच्या छावण्यांतून ऑगस्टमध्ये हत्ती म्हैसूरला आले, की काही दिवसांनी त्यांच्यासमोर आणि पोलिसांच्या घोड्यांसमोर या तोफांचा सराव सुरू होतो. ७५० किलोंची सोन्याची अंबारी पाठीवर वाहणारा हत्ती ऐन मिरवणुकीत बिथरला तर काय होईल, हे सांगायला नको. २०२० पासून ती अंबारी अभिमन्यू वाहतो. आधी हत्ती लांब, मग जवळ. घाबरला तर माहूत थोपटतो, पुन्हा एक बार. आवाज हा नेहमीचा भाग आहे हे त्याला हळूहळू पटवायचं. हत्तींना हा सराव मिळतो आणि घरच्या कुत्र्यांना थेट लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुतळी बॉम्ब. आम्ही माहुतांची युक्ती उचलली. श्रावणातच मोबाइलवर फटाक्यांचे आवाज अगदी बारीक लावायचे, त्याच वेळी डब्यातलं चिकन त्याच्यापुढे ठेवायचं, आठवडा-आठवड्याने आवाज किंचित वाढवायचा. कुत्र्यांचे शिक्षक हेच सांगतात. पगच्या बाबतीत याला जास्त महत्त्व, कारण घाबरला की तो धापा टाकतो आणि धापा टाकल्या की सुजलेला घसा आणखी सुजतो. फटाक्यांच्या रात्री तो मधल्या खोलीत पंख्याखाली असतो, खिडक्या बंद, सासूबाई शेजारी जपमाळ घेऊन. दोघांचीही एकमेकांना सोबत होते.

फराळाची भीती फटाक्यांहून मोठी. चिवड्यात बेदाणे असतात आणि बेदाणे-द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, थोडेसुद्धा. तळलेला कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेट तर नकोच. बिनसाखरेच्या मिठाईत झायलिटॉल घातलेलं असलं तर काही तासांत यकृत जाऊ शकतं. आणि म्हैसूरला ज्याच्यावाचून दिवाळी होत नाही तो म्हैसूरपाक. काकासुर मादप्पांनी राजवाड्याच्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदा केला. त्यांच्या वंशजांचं दुकान आजही सयाजीराव रस्त्यावर आहे, आणि बडोद्याच्या गायकवाडांचं नाव लागलेल्या रस्त्यावरून म्हैसूरपाक आणताना आमच्या घराला उगाच दुहेरी समाधान मिळतं. पण इतकं तूप कुत्र्याच्या पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात दवाखान्यात उलट्यांच्या कुत्र्यांची रांग लागते असं डॉक्टर म्हणतात. म्हणून आमच्याकडे फराळाची ताटं टीपॉयवर येतच नाहीत. पाहुण्यांना डायनिंग टेबलाशी बसवतो, मग त्यांना अपमान वाटला तरी चालेल.

सासूबाईंना मात्र एवढी उस्तवार पाहून कधीकधी राहवत नाही. ‘अगं, कुत्र्याने माणसाला राखायचं की माणसाने कुत्र्याला?’ त्यांच्या डोळ्यांपुढे संगम माहुलीचा खंड्या असतो. छत्रपती शाहू महाराजांना शिकारीत वाघापासून वाचवणारा कुत्रा म्हणून त्याची कथा साताऱ्यात घरोघर सांगतात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर त्याची समाधी आहे, बाईंनी लहानपणी तिच्यावर फुलं वाहिलीत. त्या कुत्र्याचं नाक कसं असेल, हे मला आता वेगळ्या कारणाने विचारावंसं वाटतं. याच कर्नाटकातल्या मुधोळला घोरपड्यांच्या संस्थानाने जपलेला मुधोळ हाउंड बघा: लांबोडकं तोंड, आत ओढलेलं पोट, शिकारीमागे मैलभर धावून पुन्हा तयार. २००५ मध्ये टपाल तिकिटावर तो आला, पुढे लष्करानेही त्याला घेऊन पाहिलं. दख्खनच्या उन्हाने घडवलेला तो कुत्रा, आणि राजवाड्यांतल्या गाद्यांनी घडवलेला हा. पहिल्याची जाहिरात कुणी केली नाही.

कुत्र्यांच्या पैदाशीचा विषय कन्नड सिनेमाने मात्र उघडपणे मांडला. ‘७७७ चार्ली’ २०२२ मध्ये आला. त्याची सुरुवात म्हैसूरमध्येच होते: एकलकोंडा कारखाना कामगार आणि पैदास करणाऱ्याच्या पिंजऱ्यातून पळालेली एक लॅब्रॅडॉर. तिचा असाध्य आजार रक्ताच्या नात्यात जोड्या लावून केलेल्या पैदाशीतून आलेला, हे चित्रपटात स्पष्ट सांगितलंय. तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई पडद्यासमोर रडले, त्याची बातमी झाली. गाव रडलं, आम्हीही रडलो. त्यानंतर आमच्या गल्लीत दोन लॅब्रॅडॉर विकत आले! सिनेमाने सांगायचं ते सांगितलं, लोकांनी घ्यायचं ते घेतलं.

कायदा आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विकत घेणाऱ्याने नोंदणीचा कागद मागितला, पिल्लाची आई दाखवा म्हटलं, तिला चालवून दाखवा, तिचा श्वास ऐकू द्या म्हटलं, तर अर्धा बाजार तिथेच बंद होईल. पगच्या मादीची बाळंतपणंही सोपी नसतात. पिल्लांची डोकी मोठी, कित्येकदा पोट फाडूनच सोडवावी लागते. नेदरलँड्सने २०१९ पासून फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध आणले. जिथून पग युरोपभर गेला तिथेच हे झालं, यात एक न्याय आहे. आपल्याकडे तसं होईल असं मला वाटत नाही, आणि घरात आलेल्या गुंडूला त्याचा उपयोगही नाही. त्याच्यासाठी कापूस, काटा आणि पाणी.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. नकट्याच्या नुसत्या झोपेलाही आहेत. म्हणून माझ्या मैत्रिणीच्या मुलीने पग घ्यायचा ठरवला तेव्हा मी तिला आमच्याकडे एक रात्र राहायला बोलावलं. तिने गुंडूचं घोरणं ऐकलं, सकाळी वळी पुसताना कापूस धरला, डॉक्टरांची बिलं पाहिली, सोडून दिलेल्या पगांचे फोटोही मी दाखवले. सगळं ऐकून घेऊन, मान डोलावून, पंधरा दिवसांनी तिने पग आणलाच. एवढं केलं, की विकत न घेता बंगळूरच्या एका घराला नको झालेला, पाच वर्षांचा, जाडा, एका डोळ्याने अधू असा आणला. आता रोज रात्री साडेदहाला तिचा व्हिडिओ येतो, वर प्रश्न: मावशी, हा असा आवाज का काढतोय? परवा मी तिला म्हटलं, तो गाढ झोपला की छातीकडे बघ आणि मिनिटभर श्वास मोज, तीसच्या आत हवेत. पाच मिनिटांनी उत्तर आलं: सव्वीस. मग आता तूही झोप, म्हटलं.